वर्तुळातलं वर्तुळात

२६ जुलै, शनिवार
बॅनर आला. 'वर्तुळ : दहा रविवारांत नवे तुम्ही.' खाली माझा फोटो, हाताची घडी घातलेला. वेदिका म्हणाली, फोटोत रागावल्यासारखे दिसता. तो राग नाही, फोकस आहे. पण मी खुलासा केला नाही. कोच घरात खुलासे देत बसला की संपलं.

खोली तयार. मुलगी तेजल नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून तिची खोली नुसती अडून होती. तिचा पलंग सुटा करून माळ्यावर टाकला. आता गोलात पाच खुर्च्या, व्हाइटबोर्ड, पाण्याचा जार. दारावर पाटी : 'ट्रान्सफॉर्मेशन स्टुडिओ'. वेदिकाने पाटी वाचली, आत वाळत घातलेले कपडे काढून घेऊन गेली. बदल स्वीकारायला बायकांना वेळ लागतो.

तिच्या डोक्यात त्या खोलीचं वेगळंच काही होतं, ते मला माहीत आहे. एप्रिलपासून जेवताना एकच विषय. सटाण्याला तिची आई एकटी. दमा, गुडघे, चक्कर. तिला इथे आणू, तेजलच्या खोलीत ठेवू. मी कधीच नाही म्हटलेलं नाही. बघू म्हटलं. हा फरक तिला कळत नाही.

३० जुलै, बुधवार
फक्त तीन नावं आली. निसार, इथे नाशिकातच वडाळा नाक्याला त्याचं गाद्यांचं दुकान आहे. भारत, सरकारी कचेरीत क्लार्क, उपनगर भागात राहतो. आणि आक्काबाई, मागच्या बिल्डिंगमधल्या. दिंडोरीकडे अंगणवाडीत आयुष्य गेलं, आता मुलाकडे असतात. बॅनर त्यांच्या गॅलरीसमोर लागला म्हणून आल्या.

कोचिंगच्या ऑनलाइन कोर्समध्ये सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की चारपेक्षा कमी माणसं म्हणजे ग्रुप नव्हे, गप्पा. चौथा कोण? दिवसभर विचार केला. कंपनीतल्या जुन्या लोकांना फोन लावले. सातपूरला वीसेक वर्षं टूलरूम सांभाळली मी, सगळे 'बोरस्ते साहेब, बोरस्ते साहेब' करायचे. आज एकानेही पूर्ण ऐकून घेतलं नाही. टूलरूम बंद झाली तेव्हा मला जे पत्र मिळालं त्याला लोक काहीही म्हणोत, मी मनाने आधीच राजीनामा दिलेला होता.

संध्याकाळी वेदिका पोस्टातून आल्यावर तिला म्हटलं, तूच बस चौथी. ती नाही म्हणाली. मग भाजी चिरता चिरता थांबली आणि तिने विचारलं, तिथे बसणाऱ्याने कुठलंही ध्येय ठरवलं तर चालतं का? म्हटलं, कुठलंही. आणि ते पूर्ण व्हायला तुम्ही मदत करणार? म्हटलं, तेच तर माझं काम. ती बरं म्हणाली. बाई शिकायला तयार आहे. आनंद वाटला.

३ ऑगस्ट, रविवार
पहिलं सत्र. जबरदस्त.

ग्रुप कोचिंगचा पाया म्हणजे करार. आणि करार सगळ्यांनी मिळून बनवायचा असतो. म्हणून मी तो आदल्या दिवशीच लॅमिनेट करून आणला होता. सगळ्यांनी मिळून वाचला. दहा ते एक, उशीर चालणार नाही. फोन बंद करून दाराजवळच्या परडीत. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. कुणी कुणाचं काम परस्पर करून द्यायचं नाही, त्याने माणूस पंगू होतो. दोन गैरहजेऱ्या झाल्या की बाहेर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : वर्तुळातलं वर्तुळात. इथे बोललेलं बाहेर बोलायचं नाही.

भारतने विचारलं, सर, नवरा-बायको एकाच वर्तुळात असतील तर कसं? हुशार आहे, पण बोलताना अडखळतो. मी वेदिकाकडे बघून सांगितलं, इथे मी नवरा नाही, कोच. इथला विषय तिने घरात काढायचा नाही, मीही काढणार नाही. वेदिकाने विचारलं, आईसाठी फोन चालू ठेवला तर? फक्त व्हायब्रेटवर. म्हटलं, एकाला सूट दिली की करार गेला. तिने सही केली. निसारने उर्दूत केली. आक्काबाई म्हणाल्या, सही करते पण परडी लय बारीक हाय, माझा फोन मावत नाय.

१० ऑगस्ट, रविवार
ध्येयनिश्चिती. आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

निसारचं : मोठ्या भावाशी बोलणं बंद आहे, एकाच इमारतीत खाली-वर राहतात, ते सुरू करायचं. भारतचं : साहेबासमोर अडखळायचं नाही. (ध्येयात 'नाही' नसावं. मी ते 'मी साहेबासमोर वाहत्या नदीसारखा बोलतो' असं करून दिलं. वाचताना तो 'वाहत्या'लाच अडखळला. प्रगती व्हायला वाव आहे.) आक्काबाई : स्कूटी शिकायची आणि सुनेला न विचारता पंचवटीला जायचं.

मग वेदिका. ती म्हणाली, दसऱ्याच्या आत मला आईला या खोलीत आणायचंय.

दुसरा कोणी असता तर डगमगला असता. मला आतून राग आला होता, खोटं कशाला लिहू. चार लोकांत मला अडकवलं असं वाटलं. पण मी प्रोफेशनल. शांतपणे विचारलं, यात अडथळा काय? ती म्हणाली, खोली मोकळी नाही. मी बोर्डवर 'मर्यादा घालणाऱ्या धारणा' असा कॉलम आखला आणि त्याखाली लिहिलं : 'खोली मोकळी नाही.' निसार म्हणाला, लेकिन सर, खोली तर खरंच मोकळी नाही, आपण बसलोय ना इथे. त्याला सल्ल्याचा नियम दाखवला.

मग मी माझं कौशल्य वापरलं. तिला समजावलं की ध्येयात 'काय' असावं, 'कसं' नसावं. 'या खोलीत' हे 'कसं' झालं. 'आणायचं' हेही 'कसं'च. मूळ इच्छा काय? ती म्हणाली, आईने एकटं राहू नये, मी तिच्याजवळ असावं. बस्स. आम्ही मिळून वाक्य केलं : 'दसऱ्यापर्यंत आई आणि मी एका घरात राहत असू.' बोर्डवर किती स्वच्छ दिसत होतं! खोलीचं नावसुद्धा नाही. वेदिका बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिली. मग तिने ते उतरवून घेतलं. टाळ्या.

१३ ऑगस्ट, बुधवार
करारात केवढी ताकद असते! तीन दिवस झाले, जेवताना आईचा विषय नाही. काढता येत नाही, वर्तुळातला आहे. एप्रिलनंतर पहिल्यांदा शांतपणे जेवलो. वेदिकाही शांत आहे. आमच्यात बऱ्याच वर्षांनी असं सामंजस्य आलंय.

हा नियम सगळ्या जोडप्यांना दिला पाहिजे. पुढच्या वर्षी कपल्स बॅच.

२४ ऑगस्ट, रविवार
प्रगतीचा आढावा. निसार भावाशी बोलला. पार्किंगवरून. दोघंही खूप ओरडले, अख्खी गल्ली गोळा झाली. पण संवाद सुरू झाला हे महत्त्वाचं, मी त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लावला. आक्काबाईंनी स्कूटी सोसायटीच्या गेटवर घातली. अर्धा हिरवा.

वेदिकाच्या नावापुढे लाल. विचारलं, या आठवड्यात ध्येयाच्या दिशेने एक पाऊल काय टाकलंस? म्हणाली, दर शनिवारी कामावरून सुटले की सटाण्याला जाते, रविवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने सत्राला परत येते. ते मला माहीतच होतं, शनिवारी रात्रीचं जेवण मीच गरम करून घेतो. तरी ग्रुपला ऐकू दे म्हणून विचारलं. तिला म्हटलं, हे पाऊल नव्हे, ही धावपळ. तुला खरं अडवतंय कोण, याच्या मुळाशी जा. तिने माझ्याकडे बघितलं. आक्काबाईंनीही. निसार पंख्याकडे बघत होता. अशी शांतता म्हणजे आत काहीतरी हलतंय, असं कोर्समध्ये शिकवलंय.

सत्र संपल्यावर निसारने टेंपोतून एक गादी आणली. म्हाताऱ्या माणसासाठी खास, वरून रेक्झिन, पाठीला जखमा होत नाहीत अशी. भाभीच्या अम्मीसाठी, दुकानातून, ऐसेच. मला कराराची आठवण करून द्यावी लागली. परस्पर काम करून देणं म्हणजे मदत नव्हे, अतिक्रमण. गादी गॅलरीत उभी करून ठेवली. निसारचा चेहरा पडला. नंतर त्याला समजेल.

३१ ऑगस्ट, रविवार
गणपती घरी असूनही सत्र घेतलं. याला म्हणतात कमिटमेंट. आरती साडेनऊला उरकली.

७ सप्टेंबर, रविवार
वेदिकाचं एक सत्र चुकलं. सटाण्याहून फोन करून म्हणाली, आईला रात्रभर धाप होती, सोडून निघवत नाही. तिच्या खुर्चीवर 'गैरहजेरी १' अशी चिठ्ठी ठेवली. मला वाईट वाटलं. पण स्वतःच्या बायकोला सवलत दिली तर बाकीचे काय म्हणतील?

बाकीचे म्हणाले, द्या की सवलत. आक्काबाई तर म्हणाल्या, सर, तुमी लय शिकेल हाय, पण ती म्हातारी तुमच्या करारावर सही करून आजारी पडली का? हा प्रश्न नव्हता, सल्ला होता. नोंद घेतली.

१३ सप्टेंबर, शनिवार
वेदिकाचा सटाण्याहून फोन. आईला आज दोनदा चक्कर आली. उद्या थांबू का? मी विचारलं, हे कारण आहे की सबब? ती म्हणाली, तुम्ही नवरा म्हणून विचारताय की कोच? मी म्हटलं, विषय वर्तुळाचा आहे, तर कोच म्हणून. दुसरी गैरहजेरी झाली तर तू बाहेर, आणि तू बाहेर गेलीस तर ग्रुप तीनचा. म्हणजे ग्रुपच नाही. तिने विचारलं, मी आले तर उद्या खोलीचं नक्की बोलायचं का, सगळ्यांसमोर? मी म्हटलं, अवश्य, वर्तुळ त्यासाठीच आहे.

ती येते म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला. उद्या तिला 'मूल्यांची शिडी' ही ॲक्टिव्हिटी देणार. खोलीचा विषय तिसऱ्या पायरीवर आपोआप विरघळतो.

१४ सप्टेंबर, रविवार
सकाळी ९.४५. वेदिका आली. डोळे सुजलेले. निघताना आई दारापर्यंत आली म्हणे, भिंत धरत. म्हणाली, माले काय बी नई व्हयनं, तू जाय. मी म्हटलं, बघ, त्याही तुला मोकळं सोडताहेत. फोन परडीत.

दुपारी १.२०. काय लिहू. सत्र छान चाललं होतं. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर वेळ संपला. परडीतून फोन परत दिले. वेदिकाने फोन चालू केला आणि सावळीरामच्या मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक येत राहिले. सावळीराम म्हणजे सटाण्याचा त्यांचा शेजारी, मार्केटात कांद्याची हमाली करतो. आई मोरीत पडली. वेदिका निघून गेल्यावर लगेचच. दार आतून लावलेलं. नळाचं पाणी वाहत बाहेर आलं तेव्हा त्याला शंका आली, तोपर्यंत दहा वाजून गेले होते. मग त्याने दार तोडलं आणि वेदिकाला फोन लावत राहिला.

वेदिका खुर्चीवर बसली नाही, रडली नाही. चप्पल घालायला लागली, तिला उजवी-डावी कळेना. आक्काबाईंनी खाली बसून तिच्या पायात चपला घातल्या. निसारने टेंपो काढला. गॅलरीतली गादी त्याने कुणालाही न विचारता उचलून टेंपोत टाकली. भारत म्हणाला, मी येतो, सटाण्याच्या हॉस्पिटलात माझा मावसभाऊ आहे. अजिबात अडखळला नाही. हे त्याच्या लक्षात आणून द्यायला वेळच मिळाला नाही.

मी निघणारच होतो. पण चार वाजता नव्या बॅचसाठी एका माणसाशी डिस्कव्हरी कॉल, म्हणजे पहिलं फुकट बोलणं, ठरलेला होता, आणि टेंपोत जागाही नव्हती. वेदिकाला म्हटलं, तू पुढे हो. तिने मान हलवली. की नाही हलवली. मला आता आठवत नाही.

दुपारी ४.४०. कॉलवाल्याने उचलला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार
खुब्याचं हाड मोडलंय. दम्यामुळे भूल देण्यात धोका आहे, डॉक्टरांनी ऑपरेशन नको सांगितलं. घरीच झोपवून सांभाळा म्हणाले. भारतने हे फोनवर सांगितलं. वेदिका माझा फोन उचलत नाही. दवाखान्यात रेंज नसेल.

मी शांतपणे हिशोब मांडला. फोन चालू असता तरी नाशिकहून सटाण्याला अडीच तास. म्हणजे पडणं काही टळलं नसतं. वेदिका तिथे असती तरच टळलं असतं. आणि ती तिथे नव्हती, कारण

हे उद्या लिहितो. आज डोकं दुखतंय.

तेजलचा फोन आला. बाबा, आईला फोन बंद ठेवायला कोणी सांगितलं होतं? म्हटलं, ग्रुपने मिळून ठरवलं होतं. तिने फोन ठेवला. मुलांना ग्रुप डायनॅमिक्स कळत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार
मोठा निर्णय घेतला. वेदिकाला मेसेज केला : बॅच संपली की ५ ऑक्टोबरनंतर खोली तुझ्या आईला. पूर्णपणे. पाटी तेवढी राहू दे, भिंतीला ड्रिल केलंय.

मन हलकं झालं. एवढं मोठं मन कुणाचं असतं?

संध्याकाळी उत्तर आलं. डॉक्टर म्हणतात, आता गाडीत घालून हलवायचं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
सकाळी १०.००. खुर्च्या लावल्या. परडी ठेवली.
१०.३०. कुणी नाही.
११.१५. आक्काबाईंच्या बिल्डिंगखाली जाऊन आलो. सून म्हणाली, त्या तर पहाटेच निसारभाईंच्या गाडीतून गेल्या.
१२.५०. भारतचा मेसेज : 'सर, आजचं वर्तुळ सटाण्यात घेतलं. वहिनींच्या आईच्या खाटेभोवती. कळवायचं राहून गेलं, सॉरी.'

सॉरी! माझा फॉरमॅट, माझा करार, आणि कोचशिवाय सत्र! फोन चालू ठेवले असणार. सल्ले दिले असणार. कामं वाटून घेतली असणार. यातून हाती काय लागणार? ठरलेली वेळ म्हणून एक वाजेपर्यंत बसून राहिलो. बोर्डवर 'मूल्यांची शिडी' अजून तशीच आहे, दोन पायऱ्यांची.

२२ सप्टेंबर, सोमवार
न राहवून निसारला फोन केला. विचारलं, वेदिका काय म्हणाली काल? परत कधी येणार? माझ्यावर चिडलीय का? दुकानात मागे कापूस पिंजण्याचं मशीन चालू होतं. निसार म्हणाला, सर, बुरा मत मानना, वर्तुळातलं वर्तुळात. मी म्हटलं, अरे, पण मी वर्तुळाचा कोच आहे. तो म्हणाला, हां सर, पण काल तुम्ही वर्तुळात नव्हता ना.

तो चेष्टा करत नव्हता. तेच लागलं. सही केली म्हणून तो खरोखर पाळत होता.

त्याला विचारलं, भावाचं काय? म्हणाला, भाई काल टेंपो चालवायला आला होता. दोघं मिळून आलो.

२५ सप्टेंबर, गुरुवार
मी कंबर कसली आहे. 'संकटातून नेतृत्व' या विषयावर वेबिनार घेणार. या सगळ्याची केस स्टडी होऊ शकते, नावं बदलून.

वेदिका दुपारी आली. निसारबरोबर. पोस्टात अर्ज केला होता, सटाण्याला तात्पुरती बदली मिळाली, मुदत पुढे वाढेल म्हणाली. माळ्यावरून तेजलचा पलंग काढायचा होता. आईच्या खाटेला झोळ पडलाय, पाठीला लागते. शिडी मीच धरली. कपाटातून तिने स्वेटर काढले, शालही घेतली. तात्पुरत्या बदलीला दोन महिन्यांनंतरचे कपडे कशाला, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. वाटलं, विचारलं तर उत्तर मिळेल.

दारात मात्र बोललो. म्हटलं, आपलं ध्येय हे नव्हतं. आपण ठरवलं होतं की त्यांना इकडे आणायचं. ती म्हणाली, ते 'कसं' होतं. तुम्हीच खोडलंत.

आवाज चढवला नाही तिने. भांडली असती तर बरं वाटलं असतं. निसार खाली पलंगाला दोरी बांधत होता, ती त्याला मदत करायला गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
आज वेदिकाच्या ध्येयाची मुदत. आई आणि ती एका घरात राहत आहेत. बॅचमध्ये वेळेत आणि शंभर टक्के पूर्ण झालेलं हे एकच ध्येय. प्रक्रिया काम करते, हे सिद्ध झालं. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लावला. मग बाजूला सरकून बघितला.

सोनं द्यायला कुणी आलं नाही. मी कुणाकडे गेलो नाही.

दुपारी खोली रिकामी केली. बोर्ड पुसला, खुर्च्या एकात एक घालून गॅलरीत. पाटीही काढली, प्लास्टर थोडं निघालं. खिडकीपाशी पलंग मावतो, टेपने मोजून बघितलं. मग लक्षात आलं की पलंग सटाण्याला आहे.

या घरात मला ती हवी आहे. हे लिहायला मला हा महिना लागला. बोर्डवर लिहिलं असतं तर मीच मला विचारलं असतं, मूळ इच्छा काय?

४ ऑक्टोबर, शनिवार
पुन्हा उभा राहतोय. प्लॅन असा : उद्या दहावा रविवार, समारोपाचं सत्र. सत्र तिकडे असेल तर कोचनेही तिकडे जायला हवं. वेदिकाला 'ध्येयपूर्ती' सर्टिफिकेट सगळ्यांसमोर द्यायचं. प्रिंट काढून आणलं, जाड कागदावर. टाळ्या वाजतील, ती हसेल, वातावरण मोकळं होईल. मग सहज सांगायचं की खोली रिकामी आहे. मग सासूबाईंच्या पाया पडायचं. मग बघू.

नवा शर्ट इस्त्री केला. पहिल्यांदाच स्वतः केला, कॉलर जरा भाजली.

५ ऑक्टोबर, रविवार
सकाळच्या एसटीने गेलो. पिंपळगावपर्यंत उभा.

घरात सगळे होते. आक्काबाई सासूबाईंना चमच्याने पेज भरवत होत्या. भारत औषधाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या करत होता. निसार आणि त्याचा भाऊ पलंगाच्या पायाखाली विटा लावत होते. मला बघून सगळे थांबले. मग आक्काबाई म्हणाल्या, या सर, बसा. भारत उठला आणि त्याने मला खुर्ची दिली. ते सगळे खाली बसले होते, मी एकटा खुर्चीवर.

वेदिका मोरीतून हात पुसत आली. बारीक झालीय. कधी निघालात, जेवलात का, असं विचारलं. पोस्टातल्या काउंटरवर बोलते तसं, नीट, आदराने. मी म्हटलं, खोली रिकामी केली. ती म्हणाली, बरं केलंत, दिवाळीला तेजल आली तर तिला होईल. सर्टिफिकेट पिशवीतच राहू दिलं.

सासूबाई पलंगावर. एवढुशा झाल्यात. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी पाया पडायला उठलो, तेवढ्यात त्यांनी वेदिकाला विचारलं, हाऊ कोन शे? पडल्यापासून असंच होतंय, माणसं कधी ओळखतात कधी नाही, असं सावळीराम मला नंतर म्हणाला.

वेदिका त्यांची उशी सारखी करत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, क्लासना सर शेतस.

सासूबाईंनी पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढून मला नमस्कार केला. मीही केला. दुरुस्त केलं नाही. मग चहा आला, तो घेतला, आणि साडेचारच्या गाडीने परत आलो.